पातं स्वस्त, सांधा महाग

खोक्याच्या पाठीवर दोन बोटं रुंदीचा पांढरा स्टिकर असतो. वस्तूचं नाव, नग एक, कमाल किरकोळ किंमत, आयातीचा महिना, तक्रारीसाठी फोन आणि आयातदाराचा पत्ता. पत्त्यात गाळा क्रमांक, कंपाउंडचं नाव, कशेळी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. सगळ्यात खाली, मूळ देश चीन. हा स्टिकर कशेळीत चिकटवलेला नाही. आयात मालावर हा मजकूर कस्टममधून माल सुटायच्या आधीच असावा लागतो, त्यामुळे तो बहुतेकदा तिकडच्या कारखान्यातच छापून, चिकटवून येतो. ग्वांगडोंग प्रांतातल्या कुणा कामगाराने दिवसाला हजारो वेळा ‘कशेळी’ चिकटवलेलं असतं. खोक्यात घडीचा चाकू. काळी मूठ, बोटभर लांबीचं पातं, मागे खिशाला अडकवायची क्लिप. ट्रेकिंगवाले घेतात, कुरिअर कंपन्यांतली पोरं खोकी फोडायला घेतात, काहीजण नुसते हौस म्हणून घेतात.

असाच चाकू आपल्याकडे बनवला तर काय पडेल? प्रश्न साधा वाटला म्हणून हात घातला. उत्तर ‘चीनमध्ये मजुरी स्वस्त’ एवढ्यावर संपेल अशी माझी समजूत होती, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्यांचीही तीच. पण हिशोब मांडायला बसलं की मजुरीचा आकडा मागे पडत जातो.

आधी कशेळी. ठाण्याच्या बाळकुमहून खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो आणि पहिलंच गाव हे. रस्त्याच्या मधोमध आता मेट्रो पाचचे खांब उभे आहेत. दोन्ही अंगांना फर्निचरची दुकानं, त्यांच्या मागे गाळे, गाळ्यांच्या मागे आणखी गाळे. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, अंजूरफाटा, सगळीकडे हेच. एके काळी ही आगरी-कोळी वस्तीची भातखाचरं होती. मुंबईची जकात चुकवून, म्हणजे कायदेशीरपणेच शहराच्या हद्दीबाहेर, माल साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, या व्यवहारावर इथली पहिली गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा अनेकांना वाटलं की आता भिवंडीची गोदामं ओस पडणार. झालं उलटं. राज्याराज्यात वेगळी गोदामं ठेवायची गरज संपल्यावर कंपन्यांनी एकेकच मोठं गोदाम करायला घेतलं, आणि न्हावा शेवा बंदर, नाशिक महामार्ग, मुंबई-ठाण्याचं गिऱ्हाईक या तिन्हींच्या मध्ये ही पट्टी आयती बसलेली होती.

ज्याच्या गाळ्यात मी बसलो तो कल्याणकडचा तरुण आहे. नाव छापू नका म्हणाला, आणि चाकू हा विषय पाहता ते रास्तच. टॉर्च, हेडलॅम्प, पाण्याच्या बाटल्या, तंबूचे खुंट, दोऱ्या आणि चाकू असा त्याचा माल. चाकूंचा अख्खा कंटेनर तो मागवत नाही, मिक्स कंटेनरमध्ये चार जणांच्या मालाबरोबर त्याचा माल येतो. पण हिशोबापुरता अख्खा कंटेनर धरू. वीस फुटी कंटेनरमध्ये वीस टन माल बिनघोर बसतो. खोक्यासकट चाकू दोनशे ग्रॅमचा धरला तर एक लाख नग झाले. जहाजाचं भाडं, बंदराचे आकार, क्लिअरिंग एजंट, न्हावा शेव्याहून कशेळीपर्यंतचा ट्रेलर आणि उतरवायची वाराई, हे सगळं मिळून तीन लाख धरा. नगाला तीन रुपये. जहाजभाडं महिन्यागणिक उड्या मारतं, म्हणून दुप्पट धरा. सहा रुपये. आणि हाच चाकू कशेळीहून अंधेरीच्या एका घरी पोचवायला कुरिअर पन्नासच्या आसपास घेतो. गिऱ्हाइकाने परत केला तर यायचे पैसे वेगळे. समुद्र स्वस्त, घोडबंदर रोड महाग. तेव्हा ‘इथे बनवला तर वाहतूक वाचेल’ हा मुद्दा पहिल्याच फेरीत बाद होतो.

आता लोखंड. असल्या चाकूचं पातं तीस-चाळीस ग्रॅमचं. पोलाद किलोला अडीचशे रुपये धरलं तरी पात्याचा कच्चा माल दहा रुपयांत बसतो. मुठीचं प्लास्टिक त्याहून कमी. सरकारच्या वाट्याला आयात शुल्क, त्यावरचा अधिभार आणि जीएसटी जातो. चाकू-सुऱ्यांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून बारावरून अठरा टक्के झाला. पण जीएसटी देशी चाकूलाही चुकत नाही, आणि आयात शुल्क तर देशी माल बनवणाऱ्याच्या बाजूचंच. मग पैसा जातो कुठे?

त्याने टेबलावर दोन चाकू ठेवले. दिसायला जुळे. एक त्याचा नेहमीचा, दुसरा भलत्याच पुरवठादाराकडून नमुना म्हणून आलेला. ‘‘उघडा,’’ म्हणाला. दोन्ही उघडले. ‘‘आता टोक धरून आडवं हलवा.’’ पहिल्याचं पातं मुठीशी एकजीव झाल्यासारखं स्थिर. दुसऱ्याचं केसभर हललं, बारीक टक् आवाज आला. मग मिटवून पाहायला सांगितलं. पहिला अंगठ्याने दाबपट्टी सरकवताच सुळकन मिटला. दुसरा अर्ध्यात अडखळला, जोर लावला तर एकदम खाली आला, आणि मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत माझीच बोटं होती. त्याने तो चाकू उचलून मागच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला.

घडीच्या चाकूची सगळी कहाणी त्या सांध्यात आहे. पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्या दोन्ही बाजूंना कागदाइतकी पातळ वॉशर, बहुधा फॉस्फर ब्राँझची. आतल्या अंगाला पोलादी पट्टी. ती वाकून पात्याच्या बुडाशी येऊन टेकते, तेव्हा पातं ‘लॉक’ होतं. पट्टी थोडी आखूड पडली तर पातं हलतं, थोडी लांब झाली तर टेकतच नाही. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा नाही, त्याहूनही बारीक मामला. त्यात पात्याला पाणी द्यायचं. तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं पोलाद हजार अंशांच्या वर तापवून झपकन थंड करायचं, मग पुन्हा दीडशे-दोनशे अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. या खेळात पातं किंचित वाकतं. सरळ सुरीला तेवढं वाकणं पचतं. घडीच्या चाकूत तेच पातं मिटताना मुठीच्या भिंतीला घासतं. म्हणून सुरी बनवणारे शेकड्याने सापडतात आणि चांगला घडीचा चाकू बनवणारे हाताच्या बोटांवर.

याच्या अगदी उलट गोष्ट कशेळीपासून काही किलोमीटरवर घडलेली आहे. ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात ‘सुपर-मॅक्स’ दाढीची पाती बनत आणि अनेक देशांत जात. त्या कारखान्याचं पुढे काय झालं ही निराळी गोष्ट, पण आपण पातं बनवू शकत नाही, जगात विकू शकत नाही, हे ठाण्याच्या माणसाला कुणी सांगू नये. दाढीचं पातं म्हणजे पोलादी फितीचं रीळ. एका टोकाने आत जातं, भोकं पडतात, भट्टीतून निघतं, धार लागते, तुकडे होतात, लेप चढतो. माणसाचा हात एकेका नगाला लागतच नाही. त्यात सांधा नाही. जिथे सांधा आला तिथे जुळवणी आली, आणि जुळवणी आली की नजर असलेला फिटर आला.

पात्यांच्या धंद्यातली देशी-विदेशी रस्सीखेच मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वीच भेटली होती. कुलपांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या अर्देशिर गोदरेज यांचा पहिला धंदा कुलपांचा नव्हता. वकिली सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली होती. चिमटे, कात्र्या, सुऱ्या. मालात खोट नव्हती. ज्या ब्रिटिश व्यापाऱ्यासाठी ती बनवली त्याला माल पसंत पडला, पण त्यावर ‘मेड इन इंडिया’ असा शिक्का असला तर तो विकायला तयार नव्हता. अर्देशिर शिक्क्यावर अडून बसले. धंदा बुडाला. १८९७ मध्ये लालबागला त्यांनी कुलपांचं काम सुरू केलं, पुढचं सर्वांना माहीत आहे. मला या गोष्टीत नेहमी खटकतं ते असं की आपण ती स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो आणि हिशोबाची बाजू गाळतो. त्या हत्यारांचा बनवायचा खर्च विलायतेपेक्षा बहुधा कमीच असणार. बाजारात पडला तो शिक्का.

आणि तो शिक्क्यांच्या भांडणाचाच काळ होता. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे चाकू-कात्र्यांचं माहेर. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर स्वस्त माल काढत, आणि त्यावर शेफिल्डचं नाव घालून तो खपवला जातो अशी शेफिल्डवाल्यांची बोंब होती. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देश लिहायला लावला. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का मुळात असा बदनामीसाठी आला. काही वर्षांतच लोक तो पाहून माल घेऊ लागले.

त्याच झोलिंगेनने स्वित्झर्लंडलाही घाम फोडला होता. आज ज्याला आपण स्विस चाकू म्हणून मिरवतो, त्या स्विस सैन्याच्या शिपायांसाठीच्या चाकूंचा पहिला लॉट जर्मनीत बनला होता, कारण तेवढा माल काढायची ऐपत एकाही स्विस कारखान्यात नव्हती. इबाख गावच्या कार्ल एल्सनरला हे झोंबलं. १८८४ मध्ये त्याने कारखाना काढला होता. त्याने देशातल्या चाकूकारांना एकत्र करून संघटना बांधली आणि १८९१ मध्ये सैन्याला स्विस बनावटीचे चाकू दिले. पण झोलिंगेनचा भाव कमी होता. बाकीचे सदस्य एकेक करून बाहेर पडले, एल्सनर कर्जात रुतला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून तगला. तगला तोही शिपायांच्या चाकूवर नव्हे. १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू काढला. सैन्याने तो अधिकृतपणे घेतलाही नाही, अधिकारी पदरच्या पैशाने घेत. पदरचे पैसे घालणारा भावात घासाघीस कमी करतो. पुढे २००८ मध्ये सैन्याला नवा चाकू हवा होता तेव्हा जागतिक व्यापार करारामुळे निविदा परदेशी कंपन्यांनाही खुली ठेवावी लागली. स्विस सैन्याच्या खिशात चिनी चाकू जाणार की काय, म्हणून देशभर चर्चा झाली. निविदा शेवटी एल्सनरच्या व्हिक्टोरिनॉक्सनेच घेतली.

अमेरिकेत बक नाइव्ह्ज ही जुनी कंपनी २००५ मध्ये खर्चाच्या कारणाने कॅलिफोर्निया सोडून आयडाहोत गेली, आणि काही स्वस्त चाकू चीनमध्ये बनवून घेते. श्रीमंत देशांचं हे समजण्यासारखं आहे. पण आपल्याकडे कामगार चीनपेक्षा स्वस्त आहे. तिकडची कारखान्यातली मजुरी आपल्याला कधीच मागे टाकून गेली. तरी चाकू तिकडून येतो.

याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण रामपूर. मराठी माणसाला रामपुरी ठाऊक आहे तो हिंदी सिनेमातून आणि गुन्हेवार्तांमधून. उघडताना कडकड वाजणारी गरारी, लांब निमुळतं पातं, पितळी कोंदणाची मूठ. उत्तर प्रदेशातल्या त्या नवाबी गावात घडीचे चाकू घडवणाऱ्यांची वस्ती होती. एक पातं घडवी, एक घासे, एक मूठ कोरी, एक सांधा बसवी. कामाची अशी वाटणी एका बाजारात झाली की माल स्वस्तही होतो आणि चांगलाही. १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर राज्य सरकारने बंदी घातली. लांब पात्याशिवाय रामपुरीला कोण विचारतो? त्यात स्वस्त चिनी चाकू आले. कारागीर दुसऱ्या कामांना लागले. २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला गेला आणि त्याचं नाव चाकू चौक पडलं. माझ्या मते त्या पैशात चार-दोन कारागिरांना पाणी द्यायची चांगली भट्टी घेऊन देता आली असती, पण भट्टीसमोर सेल्फी निघत नाही.

कायद्याची टांगती तलवार कशेळीतल्या गाळ्यावरही आहे. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामाचे वगळून. कागदावर त्याचा माल यातून सुटतो. पण ‘शस्त्र कायदा कलम ४, २५, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१), १३५’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पानावर नित्याची, आणि २०१८ मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंचा साठा पोलिसांनी पकडल्यापासून हा धंदा करणारे जपून असतात. खटक्याचे, म्हणजे बटण दाबताच उघडणारे चाकू तो ठेवतच नाही. ‘‘सर, दोन हजारांच्या मालासाठी वकिलाला वीस हजार कोण देईल?’’ हा खर्चही चाकूच्या किमतीतच धरायला हवा, आणि तो बनवणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त पडतो. विकणारा उद्या बाटल्या विकेल. ज्याने डाय बनवल्या, यंत्रं घेतली, त्याने काय करायचं?

महाराष्ट्रात रामपूरसारखं गाव झालं नाही, पण घडीचं पातं आपल्याकडे नव्हतंच असं नाही. घडीची विळी आठवा. पाटाला बोल्टवर बसवलेलं पातं, काम झालं की आडवं पडतं आणि विळी फडताळात जाते. तिचा सांधा मी मुद्दाम एका भांड्यांच्या दुकानात हलवून पाहिला. कशेळीच्या हिशोबाने तो नमुन्याच्या चाकूहूनही ढिला. तरी विळी बिनबोभाट चालते, कारण पाट पायाखाली दाबलेला असतो, आणि भाजी पुढे रेटली की पातं मिटण्याच्या उलट दिशेला, अडणीवर दाबलं जातं. रेटा सांध्यावर येतच नाही. गल्लीतला लोहारही ती बनवू शकतो, दुरुस्तही करू शकतो. खिशातला चाकू मुठीत असतो, चारी बोटं पात्याच्या वाटेत. तिथे ही सवलत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून रस्त्याकडेला कोयता घडवणाऱ्या घिसाड्याचं पोलाद उत्तम असतं, त्याचं पाणी देणंही नजरेचं असतं. त्याला कमी पडतं ते फक्त वॉशरएवढं अंतर, आणि घडीच्या चाकूची किंमत त्या अंतरातच आहे.

देशी घडीचा चाकू जगला तो शेतीत. कोकणातल्या रोपवाटिकांत आंब्याचं कोय कलम बांधायला बारीक, ताठ, अतिधारदार पातं लागतं. डोळे भरायचा आणि कलमाचा घडीचा चाकू लुधियानाचे कारखाने बनवतात, ‘फाल्कन’ हे नाव बागायतदारांत चांगलं परिचित आहे. पंजाबातल्या या शहरात सायकलचे भाग, शिलाई यंत्रं, हातहत्यारं बनवणाऱ्यांची दाटी आहे, म्हणून खिळी, स्प्रिंग, घडाई, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. चीनमधल्या यांगजियांगचंही हेच. चाकू-कात्र्यांसाठी जगभर ओळखलं जाणारं हे शहर. एकाचं वॉशरचं दुकान, दुसऱ्याची भट्टी, तिसरा नुसती क्लिपच वाकवतो, आणि जोडणारा सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला.

कशेळीच्या माणसाने हे पुस्तकातून सांगितलं नाही. त्याने एकदा इथे बनवून पाहायचा घाट घातला होता. वागळे इस्टेटमध्ये लेझरने पातं कापून देणारा लगेच मिळाला, भावही बरा. पाणी द्यायला निर्वात भट्टीवाला मिळाला, पण त्याचा दर भट्टीच्या फेरीवर, आणि याची पाती भट्टीच्या एका कोपऱ्यातही मावली असती. धार काढायला यंत्रावर हात बसलेला माणूस सापडेना. जो सापडला तो स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचा. इवलाले स्क्रू परगावचे. जोडणी एका निवृत्त फिटरकडे, मन लावून करणारा माणूस, पण दिवसाला मोजके नग. माल आला तेव्हा बऱ्याच चाकूंचं पातं मिटताना घासत होतं. लेझरवाला म्हणाला, माझं माप बरोबर, भट्टीत वाकलं. भट्टीवाला म्हणाला, वाकलं असतं तर दिसलं असतं, घासताना तापवलं. घासणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. प्रत्येकाने बिल घेतलं, प्रत्येकाला टेम्पोचं भाडं गेलं, आणि वाया गेलेल्या मालाचा धनी एकटा हा.

मजुरीचा हिशोब त्याने मला वहीत दाखवला. तो खरोखर किरकोळ होता. खर्च होता तो वाया गेलेल्या नगांचा, आणि पाच ठिकाणी पाच जणांशी केलेल्या भांडणांचा. तिकडच्या कारखानदाराला तो फोटो पाठवतो, ‘इतके नग हलतात’ एवढंच लिहितो, आणि पुढच्या लॉटमध्ये तेवढे जादा नग बिनबोभाट येतात. कुणाचं चुकलं हे त्याला विचारावंही लागत नाही. पाच हजार नगांची हमी दिली असती तर वागळे इस्टेटमध्येही कुणीतरी सगळं एका छपराखाली घेतलं असतं, असं तो स्वतःच म्हणतो. पण पाच हजार चाकू खपेपर्यंत भांडवल कोण अडकवणार, आणि अधल्यामधल्या काळात एखादा पोलीस अधिकारी वेगळा अर्थ लावणारा निघाला तर?

आम्ही उठलो तेव्हा खाली टेम्पो लागला होता. हमाल ‘‘शेठ, बाटल्या आधी का खोकी आधी?’’ विचारत होता. चाकूबरोबर येणारी कापडी पिशवी मात्र आता त्याने बदलली आहे. तिकडची पिशवी दोन महिन्यांत उसवते अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. भिवंडीत कापडाला तोटा नाही, शिवणारेही आहेत. एका शिलाईवाल्याने नमुना दिला, पट्टी दुहेरी, कड दुमडलेली. भाव चीनपेक्षा थोडा चढा आहे, तरी हजार पिशव्यांची मागणी गेली आहे. आता पिशवी भरायची तर प्रत्येक खोकं उघडायचं, जुनी काढायची, नवी घालायची. त्यासाठी त्याने गावातल्या दोन बायका रोजावर लावल्या आहेत, आणि त्यांची मजुरी नगामागे किती पडते याचा हिशोब तो अजून करतोय.